अंमल कोणाचा?

काही दिवसांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता : 'गांजा कायदेशीर करावा.' मुले तयारीने आली होती. अनुकूल बाजूने शंकराच्या हातात चिलीम दिली, अथर्ववेदातल्या भांगेचा दाखला दिला आणि अमेरिकेतल्या राज्यांच्या तिजोरीत पडणाऱ्या कराचे आकडे म्हणून दाखवले. प्रतिकूल बाजूने पंजाबचे चित्र रंगवले, तरुण पिढीचा अधःपात सांगितला आणि भारतीय संस्कृतीला साकडे घातले. दोन तासांत सोळा वक्ते बोलले. टाळ्या पडल्या, ढाल दिली गेली. ज्या कायद्यात बदल करावा की करू नये यासाठी ही सारी सभा भरली होती, त्यातले एकही कलम मात्र कोणी उच्चारले नाही.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्तमानपत्रांतली चर्चा याहून फारशी वेगळी नसते. आणि आपण, म्हणजे भाषा व साहित्य शिकवणारी मंडळी, हा विषय आपला नव्हेच असे गृहीत धरून बसलो आहोत. प्रस्तुत लेखात मला या समजुतीशी भांडायचे आहे. कायदा ही एक संहिता आहे. तिच्यात व्याख्या असतात, अपवाद असतात, 'परंतु'ने सुरू होणारी उपवाक्ये असतात, आणि त्या उपवाक्यांवर माणसांची वर्षे अवलंबून असतात. संहिता वाचण्याचा पगार घेणाऱ्यांनी तरी ही संहिता वाचायला हवी.

त्या दोन तासांत मला माझा एक जुना विद्यार्थी आठवत होता. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तो आणि त्याचे दोन मित्र गावाबाहेरच्या टेकडीवर चिलीम ओढताना पोलिसांना सापडले. जामीन त्याच दिवशी झाला. पुढे तारखांवर तारखा पडू लागल्या, तेव्हा वकिलाने सांगितले, ''गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.'' त्याने गुन्हा कबूल केला. वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून दंड भरला. चार वर्षांनी तो पोलीस भरतीत मैदानी चाचणी उत्तीर्ण झाला, लेखी परीक्षेच्या यादीत आला आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. ''मॅडम, तुमच्या सहीचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र मिळेल का?'' असे विचारायला तो घरी आला होता. पत्र मी दिले. त्याचा उपयोग झाला नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे : उद्या संसदेने गांजा कायदेशीर केला, तर हा मुलगा मोकळा होईल काय? जे काही वाचले त्यावरून माझे उत्तर असे, की आपोआप होणार नाही. इतकेच नव्हे, तर आज ज्या पद्धतीने 'कायदेशीर करा'ची मागणी होते आहे, ती मान्य झाली तर गांजाचा धंदा मोकळा होईल आणि हा मुलगा जिथे आहे तिथेच राहील. असे का, ते क्रमाने पाहू.

'कायदेशीर करणे' या एकाच क्रियापदात आपण तीन वेगळ्या क्रिया कोंबतो. पहिली, सेवनाला आणि स्वतःपुरता गांजा बाळगण्याला गुन्ह्याच्या यादीतून काढणे. दुसरी, लागवडीला आणि विक्रीला परवाने देऊन त्यावर कर बसवणे. तिसरी, ज्यांना पूर्वी शिक्षा झाल्या त्यांच्या नोंदी पुसणे. या तिन्हींचे कायदेशीर परिणाम भिन्न आहेत आणि राजकीय परिणाम तर परस्परविरोधीही असू शकतात. पोर्तुगालने २००१ साली फक्त पहिली केली : तेथे स्वतःपुरता अंमली पदार्थ बाळगणारा माणूस न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जातो, विक्री आजही गुन्हाच आहे. कॅनडाने २०१८ साली दुसरी थाटामाटाने केली आणि तिसरीसाठी पुढच्या वर्षी वेगळा कायदा आणला. त्यात जुन्या दोषींनी स्वतः अर्ज करायचा होता. आणि अर्ज मंजूर झाला तरी नोंद पुसली जात नाही, केवळ बाजूला ठेवली जाते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने मात्र २०१९च्या ज्या कायद्याने विक्री खुली केली, त्याच कायद्यात किरकोळ जुन्या नोंदी शासनाने आपण होऊन पुसाव्यात अशी तरतूद केली. म्हणजे या तीन क्रिया एकत्र करता येतात. परंतु एक केली म्हणून दुसरी होत नाही.

आता आपल्या संहितेकडे येऊ. 'गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' हे तिचे भारदस्त नाव. बोलण्यात आपण एनडीपीएस कायदा म्हणतो. तो १९८५च्या नोव्हेंबरात अमलात आला. त्यातली गांजाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती या व्याख्येत येत नाहीत. झाडापासून वेगळा काढलेला चीक म्हणजे चरस. त्याची शिक्षेची मापे निराळी. राहिली पाने. त्यांची भांग होते आणि ती या केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहते. (महाराष्ट्रात भांगेलाही दारूबंदी अधिनियमाखाली परवाना लागतो, ती गोष्ट वेगळी.) एकाच झाडाच्या पानाला सण, शेंड्याला तुरुंग अशी ही वाटणी आहे. ही व्याख्या १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून जवळपास जशीच्या तशी आली. त्या कराराने गांजाचा औषधेतर वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदतही घालून दिली होती.

'आमच्या परंपरेत गांजा होता' असे म्हणणाऱ्यांनी ही वाटणी नीट पाहावी. परंपरेपैकी जो भाग ठंडाईच्या पेल्यात मावतो, त्याला सूट केव्हाच मिळालेली आहे. सूट मिळाली नाही ती चिलमीला. आणि चिलीम कोणाच्या हातात असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंपरेचा हवाला देऊन जो कायदा बदलेल, तो पुन्हा प्रतिष्ठितांच्या परंपरेपुरताच बदलेल, अशी माझी धास्ती आहे.

याच मंडळींचा दुसरा आवडता दाखला १८९३-९४च्या 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'चा. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावर हे कमिशन नेमले गेले. त्यात सात सभासद होते, त्यांतले तीन भारतीय. त्यांनी अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय होत नाही, सबब संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, असा निष्कर्ष काढला. येथवर सर्वजण सांगतात. त्यापुढचे फारसे कोणी सांगत नाही. कमिशनची शिफारस मोकळीकीची नव्हती. लागवड ठरावीक क्षेत्रात कोंडावी, माल सरकारी देखरेखीखालच्या वखारीत ठेवावा, विक्रीचे परवाने द्यावेत आणि कर वाढवत न्यावा, अशी ती व्यवस्था होती. बंगालात नौगावच्या परिसरात अशी बंदिस्त लागवड होतच होती. साम्राज्याला गांजा चालत होता, मात्र तो सरकारी वखारीतून गेलेला असावा लागे. या अहवालाला स्वातंत्र्याचा जाहीरनामा समजणे म्हणजे अबकारी खात्याच्या हिशेबवहीला अभंगगाथा समजण्यासारखे आहे.

मराठीत 'अंमल' या शब्दाला दोन अर्थ आहेत. नशा चढते तो अंमल आणि राज्य चालते तोही अंमल. अंमली पदार्थ आणि अंमलबजावणी हे शब्द आपण शेजारी शेजारी वापरतो, पण त्यांतले नाते ध्यानात घेत नाही. गांजाच्या कायद्याचा इतिहास हा पहिल्या अंमलापेक्षा दुसऱ्या अंमलाचाच इतिहास आहे. म्हणून बदलाच्या प्रत्येक प्रस्तावाला विचारायचा प्रश्न हाच, की याने कोणाचा अंमल कमी होतो आणि कोणाचा वाढतो?

या कसोटीवर २००१ची दुरुस्ती तपासू. त्यापूर्वी मालाच्या वजनानुसार शिक्षा ठरत नसे. दोन पुड्यांचा धनी आणि दोन ट्रकांचा धनी एकाच मापाने मोजला जाई. दुरुस्तीने अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि मधली मात्रा असे तीन थर केले. गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोपासून पुढे व्यापारी. अल्प मात्रेला आज एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षे. निव्वळ सेवनाला कलम २७खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. (झाड लावण्याला मात्र वजनाचा थर नाही, परसात एक रोप लावणारा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र असतो.) ही दुरुस्ती पूर्वीच्यापेक्षा न्याय्य होती यात वाद नाही. परंतु तिच्या शेवटी एक 'परंतु' होता. प्रलंबित खटल्यांना नव्या शिक्षा लागू होतील. ज्यांचे खटले संपून अपिले चालू आहेत, त्यांना होणार नाहीत. म्हणजे सारख्याच वजनाच्या मालासाठी सारख्याच दिवशी पकडलेल्या दोघांपैकी ज्याचा खटला रेंगाळला तो सुटण्याची शक्यता आणि ज्याचा वेळेत निकाली निघाला तो जुन्या शिक्षेत कायम. हा भेद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि २००४ साली बशीर विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात न्यायालयाने तो घटनासंमत ठरवला.

याच्या उलट उदाहरण २०२१चे. २०१४च्या दुरुस्तीत व्याख्यांच्या कलमात एक नवी व्याख्या घुसवली गेली आणि 'अवैध व्यापारा'ची व्याख्या एका अक्षराने पुढे सरकली. कलम २७-क मात्र जुन्याच अक्षराकडे बोट दाखवत राहिले. अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला दहा ते वीस वर्षांची शिक्षा देणारे हे कलम त्यामुळे सात वर्षे एका रिकाम्या जागेचा निर्देश करीत होते. त्रिपुरा उच्च न्यायालयाने ते दाखवून दिल्यावर आधी वटहुकूम आणि मग डिसेंबर २०२१मध्ये दुरुस्ती कायदा आला. आणि ती दुरुस्ती १ मे २०१४पासूनच अमलात होती असे मानावे, असे त्या कायद्यातच लिहिले गेले. हा केवळ लेखनदोषाचा खुलासा आहे, असे शासनाचे म्हणणे होते. असेलही. मला दिसते ते एवढेच, की शिक्षेचे कलम शाबूत राखायचे तेव्हा कायद्याला सात वर्षे मागे जाता आले आणि शिक्षा कमी करायची तेव्हा अपिलात बसलेल्या माणसापर्यंतही जाता आले नाही. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी ही दोन उदाहरणे वर्गात अवश्य घ्यावीत.

तेव्हा पहिला कायदेशीर परिणाम स्पष्ट आहे. साधारण वाक्खंड अधिनियम, १८९७च्या कलम ६नुसार एखादा कायदा रद्द झाला तरी, वेगळा हेतू दिसत नसेल तर, त्याखाली आधीच ओढवलेली शिक्षा रद्द होत नाही. 'वेगळा हेतू' नव्या कायद्यात स्वच्छ शब्दांत लिहावा लागतो. जर्मनीने २०२४च्या एप्रिलपासून मर्यादित प्रमाणात गांजा बाळगण्यास मुभा दिली, तेव्हा जुन्या शिक्षांची न भोगलेली मुदत माफ करण्याची तरतूदही केली. हजारो जुन्या फायली उपसाव्या लागतील म्हणून तेथल्या राज्यांनी तक्रार केली; तरतूद मात्र टिकली. आपल्याकडे ती आपोआप येईल असे मानण्यास आपला पूर्वानुभव परवानगी देत नाही.

दुसरा परिणाम असा, की परवाना पद्धत आली म्हणून या कायद्याची कठोर कलमे नाहीशी होणार नाहीत. ती बिनपरवान्याच्या माणसाकडे वळतील. आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असे गृहीत धरणारे कलम ३५, ताब्यात माल सापडल्यावरून गुन्हा गृहीत धरणारे कलम ५४, व्यापारी मात्रेच्या खटल्यात जामीन जवळजवळ अशक्य करणारे कलम ३७, ही सारी तशीच राहतील. कॅनडातही बिनपरवाना विक्रीला चौदा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आज शिरपूरच्या बाजूला मक्याच्या नाहीतर कापसाच्या आडोशाने गांजा लावल्याच्या बातम्या आपण वाचतो. असा शेतकरी परवान्याचे शुल्क, कुंपण, कॅमेरे आणि प्रयोगशाळेचे अहवाल कोठून आणणार? उत्तराखंडाने २०१८ साली औद्योगिक भांगेच्या, म्हणजे तंतूंसाठी आणि बियांसाठी होणाऱ्या लागवडीला परवाना दिला, तेव्हा झाडातल्या मादक घटकाची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. डोंगरातल्या गावठी वाणांत ते प्रमाण सहसा याहून अधिक असते. म्हणजे पिढ्यानपिढ्या ज्याने ते झाड सांभाळले, त्याचेच बियाणे नव्या कायद्यात नापास झाले.

राजकीय परिणामांकडे वळताना संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली एक नोंद ध्यानात घ्यावी. राज्यसूचीतल्या एक्कावन्नाव्या नोंदीत दारूवरील उत्पादन शुल्काबरोबर अफू आणि 'इंडियन हेम्प' यांवरील शुल्कही राज्यांकडे दिलेले आहे. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या हाती स्वतःचे असे थोडेच कर उरले. त्यांत दारू हा मोठा. गांजाचा कर त्याच वहीत जाईल. मग काय होते ते महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १९४९च्या आपल्या कायद्याचे नाव आजही दारूबंदी अधिनियम आहे, दारू पिण्यास आजही परवाना लागतो आणि दारूच्या महसुलावाचून अर्थसंकल्प जुळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. बंदीसाठी बायका वर्षानुवर्षे रस्त्यावर चालल्या होत्या. उठवताना बुडालेला महसूल आणि वाढलेली अवैध विक्री यांची चर्चा अधिक झाली. महसुलाची चटक लागलेल्या शासनाकडून तरुणांना जपण्याची अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे.

थायलंडचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे जून २०२२मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला गेला. एका पक्षाने निवडणुकीत ते आश्वासनच दिले होते. हजारो कैदी सुटले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु विक्रीचे नियमन करणारा सर्वंकष कायदा संसदेत संमत होऊ शकला नाही. दुकानांचे पेव फुटले, पुढच्या सरकारने पुन्हा बंदीची भाषा सुरू केली आणि जून २०२५मध्ये आदेश निघाला, की फुले केवळ वैद्यकीय चिठ्ठीवरच विकावीत. तीन वर्षांत एक वर्तुळ पुरे झाले. सरकारी आदेशाने मिळालेली मोकळीक सरकारी आदेशानेच जाते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. गांजा निरुपद्रवी नाही, हे मला मान्य आहे. कोवळ्या वयात आणि सातत्याने सेवन करणाऱ्यांत मनोविकारांचा धोका वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि वर्गात मागच्या बाकावर हळूहळू विझत गेलेला मुलगा मीही पाहिला आहे. त्याच्या आईला 'ही व्यक्तिस्वातंत्र्याची बाब आहे' असे सांगण्याचे धैर्य मला होणार नाही. पण त्याच आईला मी हेही विचारीन, की या मुलाला डॉक्टर हवा की शिपाई? उपचार घेणाऱ्याला खटल्यातून संरक्षण देणारे कलम ६४-क कायद्यात आहे, असे यावर सांगितले जाते. परंतु त्यासाठी आधी 'मी व्यसनी आहे' असे मान्य करावे लागते. टेकडीवर एकदा चिलीम ओढणारा व्यसनी नव्हता. म्हणून तो गुन्हेगार ठरला. संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाचाही आधार घेतला जातो. तो मार्गदर्शक तत्त्वांतला आहे, आणि त्यात मादक पेयांचाही उल्लेख आहे. तो गांजापुरता आठवायचा आणि दारूच्या लिलावात विसरायचा, ही निष्ठा मला कळत नाही.

म्हणून माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी सेवन आणि अल्प मात्रा गुन्ह्यातून वगळावी. त्याच कायद्यात जुन्या नोंदी शासनाने आपण होऊन, अर्जाविना पुसाव्यात असे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. विक्रीच्या परवान्यांचा विचार त्यानंतर, आणि तो लागवड करणाऱ्याला धरून. उरुग्वेने २०१३ साली विक्रीचा कायदा केला, त्याआधी जवळजवळ चार दशके तेथे वैयक्तिक सेवन गुन्हा नव्हते. आणि कायदा करतानाही घरची सहा झाडे, सभासदांचे मंडळ किंवा औषधांच्या दुकानातून महिन्याला चाळीस ग्रॅम, अशी नोंदणीने बांधलेली वाट त्यांनी काढली. आपल्याकडे मागणी नेमकी उलट्या क्रमाने होते आहे. २०२०च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला अतिघातक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. ते विरुद्ध पडते तर ठराव बारगळला असता. पुढच्या वर्षी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प मात्रा गुन्ह्यातून वगळण्याची सूचना केल्याचे वृत्त आले. कलम २७ अद्याप जागचे हललेले नाही.

स्पर्धा संपल्यावर विजेत्या संघातली एक मुलगी मला भेटायला आली. ''मॅडम, आमचं काय चुकलं असेल तर सांगा.'' मी तिला म्हटले, ''भाषण छान झालं. आता कायदा वाच. व्याख्यांपासून सुरुवात कर आणि जिथे 'परंतु' दिसेल तिथे थांब.'' तिने वहीत लिहून घेतले. माझा जुना विद्यार्थी सध्या तालुक्याच्या गावी एका गोदामात हिशेब लिहितो. पोलीस भरतीची वयोमर्यादा त्याने ओलांडली आहे.